पिंजण, रुई आणि दादीची गुदडी

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ‘बहना, पिंजारा, धुनिया’ अशी एक नोंद आहे. कापूस पिंजून साफ करणारी ही मुसलमान जात. १९११ च्या जनगणनेत मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून तिची संख्या ४८,००० भरली, असे ग्रंथकार सांगतात आणि लगेच एक शंकाही नोंदवतात. जिनिंगचे कारखाने निघाल्याने या लोकांचा धंदा बुडाला आहे. ‘बहना’ या नावाला प्रतिष्ठाही नाही. तेव्हा ज्यांनी दुसरे काम धरले, त्यांनी जात विचारल्यावर नुसते ‘मुसलमान’ एवढेच सांगितले असावे.

ही शंका मला त्या ४८,००० च्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. एखादी जमात दुष्काळाने किंवा रोगराईने कमी होते, हे आपल्याला समजते. पण नाव सांगायची लाज वाटली म्हणून ती कागदावर कमी होते, याचा हिशेब आपण मुसलमानांनी सहसा मांडलेला नाही. ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे वाक्य खरेच आहे, पण त्याच्या आडोशाला आपण आपल्याच आजोबांचे कसब लपवले.

आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हा सगळा मुलूख धानाचा आणि तलावांचा. कापूस इथे पिकत नाही. तो पिकतो पश्चिमेला, वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे. मग कापूस नसलेल्या मुलखात पिंजारी काय करीत होता? उत्तर थंडीत आहे. जंगल आणि पाणी जवळ असल्याने इकडची थंडी अंगात शिरते, आणि धानकऱ्याच्या घरी रुई पिकत नसली तरी रजई लागतेच. १८८० ते १८८२ या काळात नागपूरहून राजनांदगावपर्यंत रेल्वे टाकली गेली, ती याच भागातून. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग घेतला. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे छोटी गाडी सुरू झाली आणि गोंदिया जंक्शन झाले. ज्या गाड्यांनी इथला तांदूळ बाहेर नेला, त्यांनीच रुईच्या गासड्या आणि गिरणीचे कापड आत आणले.

हे कसब समजून घ्यायचे तर त्याचे दोन भाग लक्षात घ्यावे लागतात. जुना भाग सुतासाठीचा. हाताने सरकी काढलेली रुई धनुकलीवर पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि घरोघरच्या बायकांनी ते चरख्यावर कातायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, इथल्या कापसाला विलायतेत एकाएकी भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. घरचे सूत संपले, तसे पेळूही संपले. उरला तो दुसरा भाग, गाद्या आणि रजया. अंगाखाली दबून दबून रुईचे गोळे होतात. दोन-तीन वर्षांनी ती खोळीतून काढून पुन्हा पिंजावीच लागते. हे काम गिरणी करीत नव्हती. पिंजारी त्यावर जगला.

दसऱ्यानंतर तो खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघे. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची जड लाकडी कमान आणि तिच्यावर ताणलेली जनावराच्या आतड्याची तात. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक असा लाकडी ठोकळा तातीवर मारायचा. तात थरारते आणि तिला चिकटलेली रुई तंतू तंतू मोकळी होऊन उडते. तो ‘टंय टंय’ आवाज ऐकूनच बायका जुन्या रजया अंगणात आणून टाकीत. धान नुकतेच घरात आलेले असे, त्यामुळे मजुरीत पैशांबरोबर पायल्याही मिळत. आमच्या घरात हे काम दादीच्या सासऱ्यांपर्यंत चालले. दादीने त्यांचे वर्णन एकाच वाक्यात केले होते : ‘घर आते तो भुवयाँ तक सफेद रहते.’

पिंजाऱ्याच्या भित्रेपणाची एक गोष्ट उत्तरेपासून इकडपर्यंत सांगितली जाते. जंगलात पिंजाऱ्याला कोल्हा भेटतो. दोघेही घाबरतात. कोल्हा पिंजणाला धनुष्य समजून त्याला दिल्लीचा सुलतान म्हणतो, तर पिंजारी त्याला वनाचा राजा म्हणतो. एकमेकांना मोठेपणा देऊन दोघे सुखरूप वाटेला लागतात. गोष्ट हसवण्यासाठी रचली आहे आणि हसू पिंजाऱ्याचे आहे. पण जंगलातून एकट्याने चालणाऱ्या नि:शस्त्र कारागिराने आणखी काय करायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

नावांचाही एक इतिहास आहे. ‘पिंजारी’ मराठी, ‘धुनिया’ हिंदी आणि ‘नद्दाफ’ अरबी. ‘हल्लाज’ हाही अरबी शब्द, अर्थ तोच. ‘अनल्‌हक’ म्हणणारे आणि त्यापायी ९२२ साली बगदादमध्ये मारले गेलेले सूफी म्हणजे हुसैन बिन मन्सूर अल्‌-हल्लाज. मन्सूर हे त्यांच्या वडिलांचे नाव, पण लोकांच्या तोंडी तेच त्यांचे झाले. त्यांनी नुसते बोट दाखवताच रुई आपोआप सरकीपासून वेगळी झाली, अशी कथा अत्तारांनी सूफी संतांच्या चरित्रग्रंथात दिली आहे. आपल्याकडच्या पिंजाऱ्यांनी ‘मन्सुरी’ हे नाव घेतले ते याच नात्याने. हे नाते रक्ताचे नव्हे, कसबाचे आहे. आणि कसबाचे नाते खोटे असते असे मी तरी मानत नाही. संत दादू दयाळांनाही परंपरा धुनियाच म्हणते. मात्र ‘मन्सुरी’ म्हणताना आपण ‘पिंजारी’ पुसत असू, तर तो हल्लाजचा सन्मान होत नाही.

आतापर्यंत गोष्ट पुरुषाची झाली, कारण कागदावर तोच आहे. पिंजण त्याचे होते, पण पिंजलेली रुई खोळीत सारखी पसरणे, कोपरे भरणे, हातभर लांब सुईने टाके घालणे हे घरातल्या बायकांनी केले. दोन मुली रजईच्या दोन बाजूंना बसत आणि मध्यावर भेटत. जयपूरच्या मन्सुरी कारागिरांची हलकी रजई देशभर विकली गेली, तिला नाव मिळाले. आमच्याकडच्या जाड रजईला कुणी नाव दिले नाही.

आणि रजई विकण्यासाठी होती. घरात अंगावर घ्यायला गुदडी. मराठी शेजारणी तिला गोधडी किंवा वाकळ म्हणत, छत्तीसगडकडून आलेल्या बाया कथरी म्हणत. वस्तू एकच. जुनी लुगडी, धोतरे, मलमलच्या ओढण्या, फाटके तहमद एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत आत यायचे. बाळासाठी दुपटे वेगळे, त्याला सगळ्यात मऊ झालेले कापड लागते. म्हणजे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचे. नवे कापड बाळाला टोचते हे खरे कारण. बाकी ‘बरकत’ वगैरे मागाहून जोडले असावे. तरी ते जोडले गेले, हेही बरेच.

ठिगळाची आपल्याकडे लाज नव्हती, हे आज मुद्दाम सांगावे लागते. हजरत पैगंबर (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवीत आणि पादत्राणे दुरुस्त करीत, असे हजरत आयेशांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. खलिफा उमर यांच्या अंगरख्यावरची ठिगळे प्रसिद्धच आहेत. सूफींनी तर ठिगळांच्या झग्यालाच दीक्षेचे वस्त्र केले.

बाईच्या हातातल्या कामाकडे मात्र इतिहासकार वेगळ्या नजरेने पाहत आले. दक्षिणेत बहामनी राज्य नुकतेच उभे राहत असताना, १३५० साली, इसामीने ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी ग्रंथ पूर्ण केला. भारतातल्या चरख्याचा अगदी जुना लेखी उल्लेख म्हणून इरफान हबीब त्याकडे बोट दाखवतात. हा उल्लेख कशासाठी आला? रझिया सुलतानला नावे ठेवण्यासाठी. बाईने तख्तावर नव्हे, चरख्यापाशी बसावे, असे इसामीचे म्हणणे. पुढे विजापूरकडच्या सूफींनी जात्यावर आणि चरख्यावर बायकांनी गायची दखनी गीते, चक्कीनामे आणि चरखानामे, रचली. रिचर्ड ईटन यांनी ती अभ्यासली आणि दख्खनच्या घराघरांत इस्लाम तलवारीपेक्षा या गाण्यांतून कसा पोचला, ते मांडले. एकाने चरखा बाईला गप्प बसवायला वापरला, तर दुसऱ्यांनी त्याच चरख्यावर तिच्या तोंडी अल्लाचे नाव दिले.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू तिन्ही आहेत आणि तिन्हींच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यातून सुरुवात करून गोल गोल मध्याकडे यायचे आणि चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावायची. फुले नसली तर कवंदी उघडी-नागडी समजली जाते. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन अभ्यासकामुळे त्या परदेशी संग्रहालयांपर्यंत गेल्या, २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्थाही निघाली. आपल्या विदर्भातल्या गुदडीकडे असे कुणी पाहिले नाही. गोधडी शिवणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांवर गीता खंडेलवाल यांनी लिहिले, तेवढाच आधार.

रसेलच्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत अधिक बोचते. बहना इस्लाम मानत असले, तरी वारशाच्या बाबतीत त्यांना हिंदू कायदा लागू होतो, असे न्यायालयांनी ठरवले होते. रायपूरकडे मात्र वाटणीत मुलीला मुलाच्या निम्मे देत, असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे शेजारच्या छत्तीसगडात पंचांना जे सुचले, ते कोर्टाला मान्य नव्हते. तेव्हाच्या हिंदू कायद्यात मुलगा असताना मुलीला वाटा नव्हता. ज्या मुलीने बापाच्या प्रत्येक रजईला टाके घातले, तिला त्या घराची एक भिंतही मिळत नव्हती. १९३७ च्या शरियत कायद्याने हे बदलले, पण त्यातून शेतजमीन वगळली. धानाच्या मुलखात शेतजमीन वगळल्यावर काय उरते? घर, भांडी, पिंजण आणि गुदड्या.

या कसबाचे गोडवे गाताना धूळही विसरू नये. कापसाच्या धुळीने फुप्फुसे जातात, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. पिंजाऱ्याच्या घरात मात्र त्याचे नाव ‘दमा’ आणि इलाज गूळ. विजेवरची पिंजण्याची यंत्रे आली तेव्हा अनेक घरांतल्या बायकांनी शुक्र मानला. मग फोमच्या गाद्या आणि पॉलिस्टरची भरण आली, आणि यंत्राचेही काम आटले. गोंदिया-भंडाऱ्यात विड्या वळणे हे गरीब बाईचे घरबसल्या काम होतेच; पुष्कळ घरांत सुई ठेवून सूप हाती घेतले गेले. १९९४ साली महाराष्ट्र सरकारने मुस्लिम इतर मागासवर्गीयांना सवलती लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘पिंजारी’, ‘नद्दाफ’, ‘मन्सुरी’ ही नावे पुन्हा कागदावर सांगण्याची गरज पडली. ज्या नावाची लाज वाटत होती, त्याच नावाचा दाखला मिळवायला तहसील कचेरीत रांगा लागल्या. पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात शोधायची, तर तिथे बहुधा ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले.

आमच्या घरी एक गुदडी गेल्या हिवाळ्यात उसवली. वरचा थर नायलॉनच्या साडीचा, आईच्या वेळचा. त्याखाली टेरिकॉटच्या शर्टांची ठिगळे. त्याखाली दादीचे हिरवे लुगडे, काठ अजून शाबूत. अगदी आत जाड्याभरड्या धोतराचा तुकडा निघाला. त्याच्या दुमडीत पिवळी पडलेली थोडी रुई होती. ती भरलेली नव्हती, कुणाच्या तरी अंगावरून आलेली. बहिणीने ती झटकली नाही. तसाच तुकडा आत ठेवून तिने वर माझ्या भाचीची जुनी ओढणी घातली आणि कडेपासून धावदोरा धरला.