उभ्या गाडीचा हप्ता

आपल्याकडे मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण विम्याचं प्रकरण अमलात यायला त्यानंतर काही वर्षं जावी लागली. तोवर गाडीखाली येऊन कुणाचा पाय गेला, कुणाचा जीव गेला, तर त्या घराच्या हातात काही पडणार की नाही हे गाडीमालकाची ऐपत आणि नियत यांवर ठरत असे. सक्तीच्या विम्याने ती भरपाई पक्की केली, आणि मला तो कायदा आजही फार मोलाचा वाटतो. मात्र त्याने हिशोब धरला तो गाडीचा, माणसाचा नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला पॉलिसी हवी. मालक एक, चालवणारा एक आणि गाड्या दोन असतील, तर हप्तेही दोन. घरातल्या दुसऱ्या गाडीचा प्रश्न तिथून सुरू होतो. पुण्यात एका विमा कचेरीच्या मोटार विभागात मी नोकरी केली, आणि हा प्रश्न काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला.

बरीच वर्षं तो प्रश्न फारसा कुणाला पडलाच नाही. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. दुसरी गाडी ही कारखानदारांच्या नाहीतर नामांकित डॉक्टरांच्या घरची गोष्ट. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्या चार कंपन्यांत विलीन झाल्या : कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. चौघींचा दर एकच, कारण तो टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ठरवून देई. त्यामुळे स्वस्त विमा शोधत फिरण्यात अर्थच नव्हता.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत असं होऊ लागलं, की नवी मारुती घेतली तरी जुनी फियाट विकवत नसे. वडिलांनी घेतलेली, लग्नाची वरात नेलेली गाडी. ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राही, आणि नूतनीकरणाची तारीख आली की मालक माझ्यासमोर उभे राहत. "मॅडम, गाडी जागची हलत नाही, मग पैसे कशाचे?"

प्रश्न रास्त होता, पण तो विचारून लोक पॉलिसी संपू देत. मग चार-सहा महिन्यांनी गाडी काढायची वेळ आली की सगळं नव्याने. तपासणीशिवाय विमा नाही. कधीकधी आमच्या माणसाबरोबर मीही जात असे. बॉनेट उघडायचं, फडक्याने धूळ आणि ऑइलचा थर पुसायचा, चेसिस नंबर कोरलेल्या जागेवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. एकेक आकडा काळ्यात पांढरा उमटत येई. एखादा गंजलेला आकडा उमटायचा नाही, मग पुन्हा पुसा, पुन्हा घासा. तो कागद प्रपोजल फॉर्मला चिकटवायचा. पैसे आधी भरलेले हवेत, त्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. विमा कायद्याचं ते ६४ व्हीबी कलम आमच्या कचेरीत शिपायालाही पाठ होतं.

हप्ता कमी करायचे मार्ग टॅरिफमध्येच होते, पण ते ग्राहकाला कुणी समजावून सांगत नसे, याचा मला तेव्हाही राग येई आणि आजही येतो. गाडी सलग दोन महिने किंवा त्याहून जास्त गॅरेजमध्ये बंद राहणार असेल आणि आधी लेखी कळवलं असेल, तर तेवढ्या काळापुरती बाकीची जबाबदारी स्थगित होई. आग, चोरी, पूर, भूकंप एवढ्यांचं संरक्षण चालू राही. त्या बदल्यात पुढच्या हप्त्यातून पैसे वजा होत, नाहीतर पॉलिसीची मुदत वाढवून मिळे. सहा महिने अमेरिकेत लेकीकडे जाणारे आजी-आजोबा पुण्यात काही कमी नाहीत. त्यांच्या दोन्ही गाड्या बंद राहत आणि दोन्हींचा पूर्ण हप्ता भरला जाई. मी सांगितल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी तिथेच बसून, कोऱ्या कागदावर अर्ज लिहून दिला होता.

सगळ्यात मोठा मार्ग होता नो क्लेम बोनसचा. एक वर्ष क्लेम घेतला नाही की २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. मात्र ती एका वेळी एकाच गाडीला लागते. १ जुलै २००२ च्या टॅरिफप्रमाणे पुण्यात नोंदलेल्या, १००० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दर ३.१२७ टक्के होता. चार लाखांच्या गाडीला १२,५०८ रुपये. दहा वर्षांवरच्या पद्मिनीचं, म्हणजे त्या जुन्या फियाटचं, इंजिन १०८९ सीसीचं, म्हणून दर ३.५२९ टक्के, चाळीस हजार किमतीवर साधारण १,४१२ रुपये. आता पन्नास टक्के सूट पद्मिनीवरच राहिली तर वाचणार सातशे रुपये, नव्या गाडीवर नेली तर सव्वासहा हजार. पण मालक दोन्ही गाड्या ठेवणार असेल तर सूट जुन्या गाडीवरच अडकून राही. म्हणून जाणती माणसं आरटीओत जुनी गाडी बायकोच्या नावावर करत, बोनसचं पत्र घेत आणि ते नव्या गाडीला लावत. ते पत्र तीन वर्षं चाले. बायकांच्या नावावर गाड्या आल्या त्यातल्या काही अशा आल्या, आणि मला त्याचाही आनंदच होई.

ज्यांना एवढं कळत नसे ते सरळ थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त सक्तीच्या विम्यावर, येत. उभ्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला, हा त्यांचा विचार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत उभ्या असलेल्या गाड्याच बुडाल्या. थर्ड पार्टीवाल्यांना त्यातला एक रुपयाही मिळण्यासारखा नव्हता. म्हणून मी आजही सांगते, उभ्या गाडीचा विमा उतरवताना आग, चोरी आणि पाणी सोडू नका.

१ जानेवारी २००७ ला स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले आणि पहिल्यांदाच घासाघीस सुरू झाली. दुसऱ्या गाडीवाल्यांना त्याचा फायदा झाला, पण हिशोब गाडीचाच राहिला. त्याचं सगळ्यात खटकणारं रूप म्हणजे मालक-चालकाचा अपघात विमा. २०१८ मध्ये त्याची रक्कम दोन लाखांवरून पंधरा लाख झाली आणि हप्ता ७५० रुपये. माणूस एका वेळी एकच गाडी चालवतो. तरी दोन गाड्यांचे दोनदा ७५० घेतले जात. जानेवारी २०१९ पासून हा विमा वेगळा घेता येऊ लागला आणि एका माणसाला एकदाच पुरेसा झाला. तेव्हा मी नोकरीत नव्हते, पण बातमी वाचून ओळखीच्या दोन गाड्यांच्या घरांना फोन करून कळवलं. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने गाडी जेवढी चालेल त्याप्रमाणे हप्ता आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी, या दोन्हींना परवानगी दिली. हे स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरतं. आता तरी विचारा. दोन्ही गाड्यांची पॉलिसी एकत्र होते का, कमी किलोमीटरची सूट आहे का, अपघात विमा दुसऱ्यांदा लावलाय का, हे एजंटला तोंडावर विचारा.

थर्ड पार्टीचा हप्ता मात्र अजून सीसीवरच आहे. जून २०२२ च्या अधिसूचनेतल्या दराप्रमाणे १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, गाडी रोज धावो नाहीतर दिवाळीला एकदा निघो. त्याच अधिसूचनेत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला निम्मी सूट आहे. पन्नास वर्षं झालेली गाडी तशी नोंदता येते, आणि १९७४ च्या पहिल्या पद्मिनींना आता पन्नास पूर्ण झाली. त्या सुटीबद्दल मला विचारणारे असतात. नोंदणीची फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, आणि गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. वर्षाला वाचतात १,७०८ रुपये. दहा वर्षांत फीसुद्धा निघत नाही, असं मी त्यांना सांगते.