माहिती-संरक्षणाचे व्यावसायिक शिक्षण (जर्मनी)

संगणकात साठविलेली माहिती चोरीस जाऊ नये, तीत परस्पर फेरफार होऊ नये व गरजेच्या वेळी ती उपलब्ध असावी, यासाठी योजावयाच्या उपायांस माहिती-सुरक्षितता म्हणतात. ज्या व्यक्तीविषयीची ती माहिती असते, तिच्या हक्कांच्या जपणुकीस माहिती-संरक्षण अशी संज्ञा आहे. पहिलीचा संबंध यंत्रणेशी व दुसऱ्याचा माणसाशी येतो. व्यवहारात मात्र दोहोंसाठी लागणारे कौशल्य बहुधा एकाच कामगाराच्या अंगी असावे लागते. हे कौशल्य तज्ञांपुरते मर्यादित न ठेवता कारागीर, लिपिक व यंत्रचालक यांच्या धंदेशिक्षणात आणण्याचा दीर्घ प्रयत्न जर्मनीत (१९९० पर्यंत पश्चिम जर्मनीत) झाला.

पार्श्वभूमी : जर्मनीतील धंदेशिक्षण दुहेरी पद्धतीचे आहे. शिकाऊ उमेदवार आस्थापनेशी करार करतो, आठवड्यातील बहुतेक दिवस तेथे प्रत्यक्ष काम शिकतो आणि उरलेला वेळ व्यवसायशाळेत घालवितो. शिक्षणक्रमाचा काळ सामान्यतः दोन ते साडेतीन वर्षांचा असतो. आस्थापनेतील शिक्षण केंद्राच्या प्रशिक्षण-नियमावलीनुसार चालते, तर शाळा घटकराज्यांच्या अखत्यारीत येतात. या पद्धतीस १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने एकसूत्री रूप दिले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, हेसेन या घटकराज्याने शासकीय यंत्रणेतील माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. या विषयावरील तो जगातील पहिला कायदा होय. अशा रीतीने दोन्ही विषयांचा कायदेशीर पाया जवळजवळ एकाच वेळी घातला गेला. पण त्यांचा परस्परांशी पूर्ण मेळ बसण्यास अर्धे शतक लागले.

कायद्याने घातलेली शिकवणीची जबाबदारी : १९७७ च्या केंद्रीय माहिती-संरक्षण कायद्याने हा विषय खाजगी आस्थापनांपर्यंत नेला. ज्या आस्थापनेत किमान पाच कर्मचारी व्यक्तिविषयक माहितीवर स्वयंचलित प्रक्रिया करतात, तेथे माहिती-संरक्षण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. माहिती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांस कायद्यातील तरतुदींचा परिचय करून देणे, हे त्याच्या कर्तव्यांपैकी एक होते. कायद्याच्या परिशिष्टात दहा प्रकारची नियंत्रणे दिलेली होती : यंत्राच्या खोलीत कोणी यावे, माहितीच्या फिती वा तबकड्या बाहेर कोणी न्याव्यात, कोणती नोंद कोणी व केव्हा केली हे मागाहून कसे पडताळावे, वाहतुकीत माहिती सुरक्षित कशी राखावी इत्यादी. त्यांतील बहुतेक बाबी कुलूप, नोंदवही आणि सही यांच्या शिस्तीतल्या होत्या. त्या शिकण्यास गणिताच्या उच्च ज्ञानाची गरज नव्हती. तरीही हे शिक्षण नोकरीत आल्यानंतरचे राहिले. धंदेशिक्षणाच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात त्याला स्थान मिळाले नाही.

१९८३ मध्ये प्रस्तावित जनगणनेविरुद्ध मोठा लोकक्षोभ उसळला. त्या वर्षी १५ डिसेंबर रोजी संघराज्याच्या घटनात्मक न्यायालयाने, स्वतःविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार मुळात व्यक्तीचाच आहे, असा निर्णय दिला. यामुळे माहिती-संरक्षणाचा प्रश्न कार्यालयीन शिस्तीपुरता उरला नाही. त्याला मूलभूत हक्काची प्रतिष्ठा लाभली.

तज्ञ-व्यवसायांचा टप्पा : १९९१ मध्ये बॉन येथे माहितीतंत्राच्या सुरक्षिततेसाठी केंद्रीय कार्यालय स्थापन झाले. १९९७ मध्ये संगणकक्षेत्रासाठी चार नवे शिक्षणक्रम मान्य करण्यात आले. त्यांपैकी ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा विशेष लोकप्रिय ठरला. संगणकजाल उभारणारा व सांभाळणारा पदवीविना तज्ञ यातून तयार होऊ लागला. त्याबरोबरच सुरक्षितता हे त्याचेच काम, इतरांनी केवळ यंत्र वापरावे, अशी श्रमविभागणीही रूढ झाली. लेथ चालविणारा, मोटार दुरुस्त करणारा अथवा डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदी ठेवणारी सहायिका यांच्या शिक्षणाशी या विषयाचा संबंध दूरचा मानला गेला.

ही समजूत पुढील दोन दशकांत ढासळली. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने जर्मन बनावटीच्या औद्योगिक नियंत्रकांना लक्ष्य केले होते. कारखान्यातील यंत्रेही संगणकी हल्ल्यास बळी पडू शकतात, हे त्यावरून दिसून आले. वरील केंद्रीय कार्यालयाच्या २०१४ च्या अहवालात एका जर्मन पोलाद-कारखान्याची हकीकत आहे. हल्लेखोरांनी फसव्या विद्युत्-पत्रांच्या साहाय्याने प्रथम कार्यालयीन संगणकजालात आणि तेथून उत्पादनविभागात प्रवेश मिळविला. परिणामी एक झोतभट्टी नियंत्रित रीतीने बंद करता आली नाही व कारखान्याची मोठी हानी झाली. हल्ल्याची वाट यंत्रतज्ञाच्या दालनातून नव्हे, तर सामान्य कर्मचाऱ्याच्या मेजावरून जात होती.

सर्वांसाठी शिक्षण : डिसेंबर २०१६ मध्ये घटकराज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने संगणकयुगातील शिक्षणाविषयीचे धोरण जाहीर केले. त्यात सुरक्षित वर्तन हे सहा मूलभूत क्षमतांपैकी एक मानले गेले. व्यवसायशाळांचाही या धोरणात समावेश होता. २५ मे २०१८ पासून यूरोपीय संघाचे माहिती-संरक्षण नियम लागू झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून धातू व विद्युत् उद्योगांतील शिक्षणक्रमांत श्रमाचे संगणकीकरण, माहिती-संरक्षण व माहिती-सुरक्षितता हा नवा घटक आवश्यक करण्यात आला. जोडारी आणि यंत्रकारागीर यांनाही तो शिकावा लागतो. विद्युत् व्यवसायांतील उमेदवारांस माहितीतंत्राची सुरक्षितता ही ऐच्छिक जादा पात्रताही घेता येते. २०२० मध्ये संगणकक्षेत्रातील शिक्षणक्रमांची फेररचना होऊन त्यांत सुरक्षिततेस अधिक महत्त्व देण्यात आले.

निर्णायक पाऊल १ ऑगस्ट २०२१ रोजी पडले. त्या दिवसापासून नव्याने होणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण-नियमावलीत ‘संगणकीकृत कार्यविश्व’ हा समान घटक घालण्यात येऊ लागला. जुन्या नियमावल्यांखालील उमेदवारांसही तो शिकवावा, अशी शिफारस करण्यात आली. कामावरील अपघातांपासून बचाव, पर्यावरणरक्षण व कामगारकायदा यांच्या पंक्तीस माहितीची सुरक्षितता येऊन बसली. मशीनवर संरक्षक चष्मा लावण्याची सवय जशी कोणत्याही एका धंद्याची नसते, तशीच ही सवयही सर्व धंद्यांची मानली गेली.

याच सुमारास या शिक्षणाची निकड दर्शविणारी एक घटना घडली. जुलै २०२१ मध्ये आनहाल्ट-बिटरफेल्ट या सु. दीड लाख वस्तीच्या जिल्ह्याचे प्रशासन खंडणीखोर आज्ञावलीच्या हल्ल्याने ठप्प झाले. ९ जुलै रोजी जिल्ह्यात आपत्तीची घोषणा करण्यात आली. संगणकी हल्ल्यामुळे अशी घोषणा होण्याचा जर्मनीतील तो पहिलाच प्रसंग होता आणि ती सु. सात महिने लागू राहिली. सामाजिक साहाय्याच्या रकमा देणे, वाहनांची नोंदणी यांसारखी रोजची कामे अडली. त्याची झळ प्रथम गरजूंना बसली.

मर्यादा : नियमावलीत घटक घातल्याने तो शिकविला जातोच असे नाही. उमेदवाराचा बहुतेक वेळ आस्थापनेत जात असल्याने तेथील वहिवाट हीच त्याची खरी पाठशाळा असते. जेथे सर्वांसाठी एकच परवलीचा शब्द भिंतीवर चिकटविलेला असतो, तेथे शाळेतील धडा टिकत नाही. लहान कारागिरी आस्थापनांत शिकविणाऱ्यासच प्रथम शिकावे लागते. हल्ल्यांचे प्रकार नियमावल्यांपेक्षा वेगाने बदलतात. म्हणून नियमावल्यांत विशिष्ट तंत्राऐवजी धोका ओळखणे, नियम पाळणे व शंका येताच कळविणे, अशा टिकाऊ क्षमतांवर भर दिलेला आढळतो.

भारत : जर्मन पद्धतीच्या धर्तीवर भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. संगणकचालकाच्या व्यवसाय-अभ्यासक्रमात सुरक्षिततेचा भाग आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे मान्य केले. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती-संरक्षण कायद्यात पुरेसे सुरक्षा-उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची ही जबाबदारी आस्थापनेवर येते. ती टाळणे मात्र पुष्कळ अंशी दवाखाना, पतपेढी वा दुकान यांतील नोंदी ठेवणाऱ्या हाताच्या शिकवणीवर अवलंबून आहे. कायदा आणि धंदेशिक्षण यांची गाठ पडण्यास जर्मनीत लागलेला विलंब या दृष्टीने बोधप्रद ठरतो.