तोंडी परीक्षा आणि रुग्णाचा शब्द : अँटॉप हिल परिसराच्या वैद्यकीय इतिहासाच्या संदर्भात

प्रास्ताविक

वैद्यकातील पदव्युत्तर परीक्षेचे लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी असे तीन भाग असतात. त्यांपैकी तोंडी परीक्षेचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘व्हायव्हा’चा, धसका सर्वांत मोठा असतो. तिच्या तयारीचा विचार सामान्यतः ग्रंथ, उपकरणे, औषधे आणि क्ष-किरण चित्रे यांच्यापुरता होतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ही तयारी मुळात भाषेची आहे. रुग्णाने सांगितलेला शब्द शास्त्राच्या भाषेत नेणे आणि शास्त्राचा शब्द रुग्णासमोर जबाबदारीने उच्चारणे, ही तिची दोन अंगे होत. त्यासाठी मुंबईतील अँटॉप हिलचा परिसर आणि कुष्ठरोगाचे उदाहरण येथे घेतले आहे.

परिसराची पार्श्वभूमी

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पुढे या शिक्षणाचे केंद्र उत्तरेकडे विस्तारले. १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली. १९२० च्या दशकाच्या मध्यास परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. अँटॉप हिलपासून जवळ असलेले शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये लष्करी बराकींत सुरू झाले व १९६४ मध्ये त्याला महाविद्यालयाची जोड मिळाली.

विसाव्या शतकातील या संस्थांच्या आधीची संस्था मात्र अँटॉप हिलच्या शेजारी, वडाळ्यात आहे. महापालिकेचे आयुक्त हॅरी अरबथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयगृह उभे राहिले. तेच आजचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. याच अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. शाहिरांच्या तोंडची परंपरा लेखनिविष्ट करणाऱ्याच्या नावाच्या संस्थेत रुग्णाच्या तोंडच्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो.

रुग्णाचा शब्द आणि परीक्षार्थी

परीक्षेत परीक्षार्थीस एक ‘दीर्घ केस’ मिळते. ठरलेल्या वेळात रुग्णाशी बोलून, त्याला तपासून, सर्व वृत्तान्त परीक्षकांपुढे इंग्रजीत मांडावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००० च्या नियमावलीने किमान चार परीक्षक आणि त्यांतील निम्मे परराज्यातील विद्यापीठांचे, असा दंडक घातला. त्यामुळे परीक्षकाला मराठी अवगत असेलच असे नाही. अशा वेळी रुग्ण आणि परीक्षक यांच्यामधील एकमेव दुवा परीक्षार्थी हाच असतो.

कुष्ठरुग्ण ‘मला संवेदना नाही’ असे म्हणत नाही. ‘चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही’, ‘चुलीवर हात भाजला, पण दुखले नाही’ असे तो सांगतो. पहिल्या वाक्यात पायाच्या मज्जातंतूची आणि दुसऱ्यात उष्णता व वेदना यांच्या जाणिवेची हानी दडलेली असते. हे ओळखण्याचा सराव पाठांतराने होत नाही. त्यासाठी संध्याकाळ-संध्याकाळ वॉर्डात बसून ऐकावे लागते. तपासणीतही तेच. कोपराच्या आतील बाजूची किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस असलेली नस चाचपताना डोळे हातावर नव्हे, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावेत, असे शिकवले जाते. दुखल्याची खूण चेहऱ्यावर आधी उमटते.

उच्चारलेल्या निदानाचे परिणाम

दुसरे अंग अधिक गंभीर आहे. परीक्षार्थी खाटेशेजारी उभा राहून निदान उच्चारतो, तेव्हा रुग्ण ते ऐकत असतो. इंग्रजी न समजणाऱ्यालाही ‘लेप्रसी’ हा शब्द बहुधा ठाऊक असतो. हा शब्द केवळ वैद्यकीय नव्हता. कुष्ठरुग्णांना अलग ठेवण्याची तरतूद करणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग २०१९ मध्ये वगळला गेला. वस्तुतः १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो बरा करता येऊ लागला होता. म्हणजेच औषध आल्यानंतरही जवळपास चार दशके या एका शब्दावर संसार मोडू शकत होता. मराठीत ‘महारोग’ मागे पडून ‘कुष्ठरोग’ रूढ झाला, तोही या कलंकाच्या जाणिवेतूनच.

तोंडी परीक्षेवर पक्षपाताचा आक्षेप जुना आहे. १९७५ मध्ये डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक स्थानके आणि ठरावीक गुण यांची वस्तुनिष्ठ पद्धत मांडली. तिने परीक्षार्थीला न्याय दिला. रुग्णाला काय मिळाले, हा प्रश्न मात्र त्या गुणपत्रिकेत सहसा आला नाही.

निष्कर्ष

(१) तोंडी परीक्षेची तयारी ही श्रवणाची आणि भाषांतराची साधना आहे. प्रश्नोत्तरांचे पाठांतर हा तिचा केवळ एक भाग होय.

(२) परीक्षेपूर्वी रुग्णाची संमती घेणे, निदानाची चर्चा त्याच्या कानाआड करणे आणि शेवटी त्याच्याच भाषेत त्याला चार वाक्ये सांगणे, यांना गुण असावेत.

(३) अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही हे लागू आहे. मौखिक परीक्षेत आपण ज्याच्याविषयी बोलतो, तो माणूस समोर नसला तरी आपल्या शब्दांचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतात. वडाळ्याच्या वॉर्डात तो समोरच असतो, एवढाच फरक.