एका गोळीची जन्मकथा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कमलाराजा रुग्णालय आहे. स्त्रिया व बालके यांच्यासाठी असलेले हे रुग्णालय गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. महाविद्यालय निघाले १९४६ साली, जिवाजीराव शिंदे यांच्या कारकीर्दीत; त्याला नाव दिले ते त्यांच्या मातोश्रींचे, आणि रुग्णालयाला भगिनीचे. पण अशा रुग्णालयांतून गर्भवतीला लोह आणि फॉलिक आम्ल यांची जी गोळी देतात, तिचा इतिहास राजवाड्यात नव्हे, मुंबईच्या गिरणगावात सुरू होतो.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीकामगारांच्या वस्तीतील गर्भवती स्त्रिया एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. चेहरा पांढराफटक, अंगावर सूज, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातील तांबड्या पेशी थोड्या, पण आकाराने अवास्तव मोठ्या. जंतूंचा संशय होता. तो टिकला नाही. विल्सबाईंनी मग घरोघरच्या ताटाकडे लक्ष वळवले. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, दूध जवळजवळ नसे, त्यांनाच हा रोग अधिक होई.

तसाच निकस आहार त्यांनी उंदरांना घातला. परंतु उंदरांना उवांमुळे होणाऱ्या दुसऱ्याच संसर्गाने घोटाळा केला. मग माकडे आणली. त्यांतील एक अगदी अत्यवस्थ झाले असताना बाईंनी त्याला मार्माइट चारले. हा दारूच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड उठून बसले!

मार्माइट स्वस्त होते, हे विसरून चालणार नाही. १९२६ पासून पंडुरोगाच्या दुसऱ्या एका प्रकारावर यकृताचा उपचार चालू होता. पण तो महाग, आणि शाकाहारी बाईपुढे ते ताट ठेवायचे कसे? शिवाय पुढे असे दिसले की, यकृताचा शुद्ध केलेला अर्क ह्या गर्भवतींना लागूच पडत नाही, कच्चा मात्र पडतो. म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतात काहीतरी निराळेच द्रव्य होते. १९३१ साली बाईंनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ते अज्ञात द्रव्य 'विल्स घटक' म्हणून ओळखले जाऊ लागले.

ज्या बायकांच्या रक्ताच्या थेंबांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची नावे मात्र कोणत्याही इमारतीवर नाहीत.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि विल्सबाईंच्या गर्भवती रोग्यांना बरे करणारे द्रव्य हेच, हे उमगले. ग्वाल्हेरचे महाविद्यालय त्यानंतर वर्षाने उघडले. विल्सबाई १९६४ साली वारल्या. भारत सरकारने गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू केला तो १९७० साली, मार्माइटच्या त्या शोधानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.