बगलेतला चौकोनी तुकडा

कपड्यांचा इतिहास बहुधा वरून लिहिला जातो. पैठणी, किनखाप, हिमरू, ढाक्याची मलमल, बादशहाचा जामा यांच्यावर ग्रंथ आहेत. हे कपडे अंगावर घालून माणसे उन्हात उभी राहिली तेव्हा त्यांना घाम येत होता की नाही, याची चौकशी फार थोड्यांनी केली आहे. घाम, आणि त्यातही बगलेचा घाम, हा विषय सभ्य लोकांनी टाळायचा अशी आपली रीत आहे. परंतु शिंप्याने तो कधीच टाळला नाही. बगलेचा वास कमी व्हावा, कापड तिथे कुजू नये, फाटू नये म्हणून शेकडो वर्षे कपड्यात सोय केली जात होती. ती सोय आपल्या अंगावरून केव्हा आणि का गेली, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रथम घामाविषयी दोन शब्द. ताजा घाम जवळजवळ निर्गंध असतो. बगलेत वयात येताना जाग्या होणाऱ्या खास ग्रंथी असतात. त्यांच्यातून पाझरणारा चिकट द्रव कातडीवरचे जिवाणू खातात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात. म्हणजे वास यायला ओलावा, ऊब, जिवाणू आणि वेळ एवढ्या गोष्टी लागतात. त्यात जात, धर्म किंवा खानदान कुठेही येत नाही. ओलावा लवकर उडाला, कपडा रोज धुतला, अंगाला हवा लागली की वास कमी होतो. पाणी नसले, कपडा एकच असला, जागा कोंदट असली की वाढतो.

ही गोष्ट आपल्या परंपरेत फार जुन्या काळी समजलेली होती. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे एक निवेदन आहे. जुम्म्याच्या गुस्लची सुरुवात कशी झाली, असे इराकहून आलेल्या लोकांनी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले त्याचा आशय असा: त्या वेळी लोक गरीब व कष्टकरी होते, लोकरीचे कपडे घालत, पाठीवर ओझी वाहत. मस्जिद अरुंद होती, छप्पर ठेंगणे होते. एका उष्ण दिवशी लोकरीत घाम मुरून असा वास सुटला की लोकांना एकमेकांचा त्रास होऊ लागला. तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी या दिवशी आंघोळ करून यावे, जवळ असेल ते चांगले तेल-सुगंध लावावा असे सांगितले. पुढे सुबत्ता आली, लोक लोकरीशिवाय दुसरे कपडे वापरू लागले, कष्टाची कामे कमी झाली, मस्जिद मोठी झाली आणि तो त्रास बराचसा गेला.

हे निवेदन आपण गुस्लच्या मसल्यापुरते वाचतो. इतिहास म्हणून वाचले तर त्यात वासाची सगळी कारणे ओळीने आलेली दिसतात: कष्ट, गरिबी, कापड, अरुंद जागा आणि तापमान. कोणा एका माणसाला उठवून बाहेर काढल्याचा त्यात उल्लेख नाही. उपाय सगळ्यांसाठी होता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. बारामती-इंदापूरचा प्रदेश निजामशाही, आदिलशाही, मराठे, मोगल अशा अनेक अमलांखालून गेला. राज्ये बदलली तरी इथले ऊन तेच राहिले आणि कपड्याची बेतणीही पुष्कळशी तीच राहिली. जामा, अंगरखा, बाराबंदी, बंडी, सदरा, कुडता ही सगळी सरळ बेताची वस्त्रे. सरळ अंगाला सरळ बाही काटकोनात जोडली की हात वर करताना बगलेत ताण येतो आणि शिवण उसवते. त्यावर उपाय म्हणून बाही आणि अंग यांच्या मधोमध एक चौकोनी तुकडा कोनावर फिरवून बसवत. उर्दू-हिंदीत याला चौबगला म्हणतात. हा तुकडा दिसायला क्षुल्लक, पण त्याची कामे तीन. हात मोकळा राहतो, कापड बगलेला चिकटत नाही म्हणून आत हवा खेळते, आणि घामाने कुजलेला तुकडा तेवढाच उसवून नवा घालता येतो. सबंध कपडा टाकावा लागत नाही. काही जुन्या अंगरख्यांत तर बगलेखालची शिवण मुद्दाम थोडी उघडी ठेवलेली आढळते.

बगलेशी आपल्या इतिहासाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. जाम्याचे बंद बगलेजवळ बांधले जात. मुसलमानांनी उजव्या बाजूला आणि हिंदूंनी डाव्या बाजूला बांधायचे, असा रिवाज होता. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त तकौचिया नावाच्या हिंदुस्थानी धर्तीच्या अस्तरविरहित वस्त्राविषयी लिहिले आहे. पूर्वी ते डाव्या बाजूला बांधत, बादशहाने त्याचा घेर गोल करवून ते उजवीकडे बांधण्याचा हुकूम केला, असे तो सांगतो. बंदाची बाजू पाहून धर्म ओळखता येई. पण बंदाच्या आत, बगलेत, दोघांच्याही अंगाला सारखाच घाम येत होता आणि दोघांचाही शिंपी तोच चौकोनी तुकडा लावत होता.

श्रीमंतांकडे याशिवाय सुगंधाची सोय होती. माळव्यात मांडूच्या सुलतानासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेल्या 'निअमतनामा'त समोशांच्या आणि कबाबांच्या कृतींबरोबर अंगाला, बगलेला लावायच्या सुवासिक लेपांच्या कृतीही आहेत. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द 1580 ते 1627) याच्या दरबारी 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा सुगंधावरचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला गेला. कपड्यांना ऊद-अंबराची धुरी द्यायची चाल दरबारात होती, तीच गरिबाघरी लोबानच्या धुरीपर्यंत उतरली. आपल्या गावांतील अत्तार हे आडनाव याच व्यवसायाची आठवण आहे. पण अत्तर वास झाकते, घाम टिपत नाही. घाम टिपण्याचे काम कापसाचे.

म्हणून अत्ताराइतकेच, किंबहुना जास्त, ऋण मोमीन आणि नदाफ यांचे मानले पाहिजे. नदाफाने कापूस पिंजला, मोमिनाने विणला. 1857 नंतर उत्तरेकडून परागंदा होऊन आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी मालेगाव, भिवंडीची कापड-पेठ उभी केली, हे सर्वश्रुत आहे. जाड्याभरड्या सुती कापडात रूप नव्हते, पण घाम पिण्याची ताकद होती.

विलायतेत मात्र वेगळेच घडले होते. तिथल्या कोटाची आणि झग्याची बाही गोल कापून बगलेत घट्ट बसवत. अंगाला रेखीव बसणारा हा बेत दिसायला सुंदर, पण घाम थेट कापडात जाई. रेशमी झगे रोज धुता येत नसत. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बगलेत लावायच्या अर्धचंद्राकृती गाद्या बाजारात आल्या. त्यांना 'ड्रेस शील्ड' म्हणत. आत रबर, वर सुती किंवा रेशमी आवरण. त्या काढून धुवायच्या आणि पुन्हा टाचायच्या. आपला चौबगला कपड्याचाच भाग होता, ही गादी वरून लावलेली मलमपट्टी होती.

पुढे अमेरिकेत 1888 साली 'मम' नावाचे मलम निघाले आणि बगलेचा प्रश्न शिंप्याकडून औषधवाल्याकडे गेला. 1919 साली 'ओडोरोनो' या द्रवाची एक जाहिरात स्त्रियांच्या मासिकात आली. तुमच्या बगलेचा वास तुम्हाला कळत नाही, पण लोक मागे बोलतात, असा तिचा सूर होता. ती वाचून चिडलेल्या सुमारे दोनशे बायकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, असे सांगतात. खप मात्र वर्षभरात दुपटीवर गेला. लाजेचाही धंदा होऊ शकतो, हे त्या दिवशी व्यापाऱ्यांना उमगले.

आपल्याकडे इंग्रजी बेताचा शर्ट आला तेव्हा चौबगला गेला, पण त्याची जागा काही काळ गंजीफ्रॉकाने भरून काढली. अंगालगत सुती बनियन आणि वर शर्ट, ही आपल्या वडील पिढीची शिस्त. उन्हाळ्यातही बनियन सोडायचे नाही, यात खुळचटपणा नव्हता. सुती बनियन घाम शोषून घेई, ते रोज धुतले जाई आणि वरचा शर्ट दोन दिवस चाले.

खरा फरक पडला तो पॉलिस्टरने. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन, टेरिकॉट हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले. 1982 साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. नंतर हे कापड इतके स्वस्त झाले की सुती हीच चैन ठरली. पॉलिस्टर चुरगळत नाही, विटत नाही, इस्त्री मागत नाही. गरिबाला आणखी काय हवे? पण हवेतील ओलावा धरण्याचे माप पाहा. 100 ग्रॅम कोरडा कापूस सुमारे 8 ग्रॅम, लोकर सुमारे 16 ग्रॅम ओलावा धरते. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. उलट घामातील तेलकट अंश त्याला घट्ट चिकटतो आणि साध्या धुण्याने सुटत नाही. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 26 जणांना तासभर जागच्या सायकलीवर दमवले, त्यांचे शर्ट 28 तास ठेवले आणि मग हुंगून पाहिले. पॉलिस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा स्पष्टपणे जास्त वास मारत होते. वास निर्माण करणारे काही जिवाणू त्या धाग्यावर अधिक वाढले होते.

हे सगळे आमच्या दोन तालुक्यांत रोज पाहायला मिळते. 1885 साली निरा डावा कालवा आला, कालव्यामागून ऊस आला, उसामागून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने आले. हंगामात बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. पात्याने अंग कापू नये म्हणून बाया लुगड्यावर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात. तो बहुधा पॉलिस्टरचाच असतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरे चकचकीत टी-शर्ट घालून धावतात. 2005 च्या केंद्रीय योजनेतून बारामतीच्या एमआयडीसीत हायटेक टेक्स्टाइल पार्क उभे राहिले. तिथे आसपासच्या गावांतील स्त्रिया मशीनवर कपडे शिवतात.

महागड्या खेळाच्या कपड्यांत आता वास रोखण्याची नवी तंत्रे आली आहेत. धाग्यावर चांदीचा अंश बसवतात, त्याने जिवाणू मरतात. पण धुता धुता त्यातील काही चांदी पाण्याबरोबर निघून जाते. दुसरे तंत्र म्हणजे बगलेत जाळीदार कापडाचा तुकडा. तो पाहिला की हसू येते. हा तर आपला चौबगला! शिंप्याच्या दुकानातून तो गेला आणि परदेशी छाप लावून, चौपट किमतीने परत आला.

हे आम्ही का लिहितो आहोत? आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे बागवान, तांबोळी, शिकलगार, मुलाणी यांची मुले येतात. कोणी सकाळी भाजीचा गाडा लावून येतो, कोणी सुट्टीच्या दिवशी गॅरेजवर जातो. पाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी येणाऱ्या वस्त्याही आहेत. गणवेश बहुतेक पॉलिस्टर मिश्रणाचा, अनेकांकडे एकच. सातवी-आठवीपासून शरीर बदलते आणि मार्चच्या दुपारी पत्र्याखालच्या वर्गात "इसके पास से बू आती है" हे वाक्य ऐकू येते. ज्याच्याविषयी ते म्हटले जाते तो हळूहळू मागच्या बाकावर सरकतो. मुलींच्या बाबतीत तर अंगावर कपड्यांचे थर अधिक, आणि बोलायची चोरीही अधिक. पुढे याच मुलांना गावाबाहेर नोकरीला, बसमध्ये, भाड्याच्या खोलीसाठी फिरताना हेच वाक्य दुसऱ्या भाषेत आणि सबंध जमातीला उद्देशून ऐकावे लागते. दलितांनी, ऊसतोड्यांनी, सगळ्याच कष्टकऱ्यांनी ते ऐकलेले आहे. कष्टाचा, पाणीटंचाईचा आणि स्वस्त कापडाचा वास माणसाच्या नावावर लिहिला जातो.

तेव्हा मुलांना 'स्वच्छ राहा' एवढेच सांगून आपली जबाबदारी संपत नाही. बगल स्वच्छ ठेवणे ही फितरतच्या बाबींपैकी एक आहे, ते शिकवलेच पाहिजे. पण त्याबरोबर गणवेशाचे कापड ठरवणाऱ्या बैठकीत पालकांनी एक प्रश्न विचारावा: यात सूत किती टक्के? पूर्ण सुती परवडत नसेल तर शिंप्याला सांगून बगलेत चार बोटे रुंदीचा सुती चौकोन लावून घ्यावा. जुन्या मास्तरांना तो लावता येतो, आणि जुन्या धोतराच्या किंवा ओढणीच्या तुकड्यातही तो निघतो. आत सुती बनियन किंवा शमीज असावी. पॉलिस्टरचा शर्ट उलटा करून धुवावा, उन्हात उलटाच वाळवावा, ओला घडी घालून ठेवू नये. वर्गाच्या खिडक्या उघडतात की नाही, तेही पाहावे.

इब्ने अब्बासांच्या निवेदनात शेवटी मस्जिद मोठी झाली, ही गोष्ट विसरता येत नाही. अंग धुणे हे ज्याचे त्याचे काम होते. कापड आणि जागा मात्र सगळ्या जमातीची स्थिती सुधारली तेव्हाच बदलली. तेवढा वेळ लागणारच असेल तर लागो. तोवर एक चौकोनी तुकडा तरी आपल्या हातात आहे.