पुस्तकांत निजलेले पोवाडे



पोवाडा म्हटला कीं डफ, तुणतुणें आणि शिवजयंतीचा मांडव डोळ्यांपुढें उभा राहतो. आणि त्या मांडवांत वर्षानुवर्षें प्रसंग दोनच गाजतात, एक अफजलखानाचा वध व दुसरा सिंहगड. दोन्ही थोरच आहेत. अज्ञानदासाच्या व तुळशीदासाच्या मूळ रचना ज्यांनीं वाचल्या असतील त्यांना त्यांची थोरवी मीं सांगावयास नको. परंतु ह्या दोहोंच्या छायेंत जे पुष्कळसे पोवाडे दिसेनासे झाले, त्यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. प्रारंभ मात्र विलायतेपासून करतों. त्याचें कारण ओघानेंच कळेल.

हार्वर्ड विद्यापीठांतील अध्यापक फ्रॅन्सिस चाइल्ड ह्यांनीं इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ जुनीं कथागीतें १८८२ ते १८९८ ह्या काळांत पाठभेदांसह छापून काढलीं. त्यांचा सारा भर शब्दांवर; चाली अगदीं थोड्या. पण चाली खेड्यापाड्यांतील गाणारांच्या गळ्यांत होत्या, आणि सेसिल शार्प ह्यांच्यासारख्या संग्राहकांनीं १९१६ ते १९१८ ह्या वर्षांत अमेरिकेच्या अपालाची डोंगरांत हिंडून त्या स्वरांसह उतरून घेतल्या. पुढें १९६९ सालीं फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ह्या इंग्लिश वाद्यवृंदानें 'लीज अँड लीफ' ह्या तबकडीवर 'मॅटी ग्रोव्ह्ज' व 'टॅम लिन' हीं शतकांमागचीं गीतें विजेच्या गिटारींच्या साथीनें गाइलीं. १९७० मध्यें त्यांनींच 'सर पॅट्रिक स्पेन्स' गाइलें, आणि १९७४ मध्यें स्टीलाय स्पॅन ह्या दुसऱ्या मंडळीनें 'थॉमस द ऱ्हायमर' घेतलें.

रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, असें माझेंहि मत होतें. बीटल्सचें नांव आपल्या घरांतील मुलांना ठाऊक असतें. ह्या मंडळींचीं नांवें क्वचितच. पण ज्याला गाण्यांत गोष्ट हवी त्यानें हींच ऐकावींत, आणि त्यांतहि आधीं 'सर पॅट्रिक स्पेन्स'. राजा मद्य पीत बसलेला आहे. कोणाच्या तरी सांगण्यावरून तो नामांकित खलाशाला भर हिवाळ्यांत समुद्रावर धाडतो. खलाशी पत्र वाचतांना प्रथम हसतो, मग रडतो. आणि अखेरीस किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बायका तेवढ्या उरतात. राजाला कोठें शिवी नाहीं, पण दोष कोणाचा हें ऐकणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आतां आपल्याकडे या. चाइल्डसाहेबांचे खंड निघत होते त्याच सुमारास, १८९१ सालीं, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनीं 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडचे शब्द त्यांत कागदावर आले. १८९४ मध्यें ॲक्वर्थ ह्यांनीं कांहीं पोवाड्यांचें इंग्रजी पद्यांत रूपांतरहि केलें. १९२८ पासून यशवंत नरसिंह केळकरांनीं आणखी पोवाडे साक्षेपानें संपादून छापले. म्हणजे चाइल्डचें काम आपल्याकडे झालें. शार्पचें काम मात्र त्या मानानें फारच थोडें झालें.

ह्या संग्रहांतून काय वाचावें, असें कोणी विचारलें तर मी सगनभाऊचा खडकीच्या लढाईचा पोवाडा प्रथम सांगेन. सगनभाऊ धर्मानें मुसलमान, धंद्यानें शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई झाली, आणि त्याच महिन्यांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. ज्यांचीं हत्यारें घासून आपण पोट भरलें ते धनीच बुडाले, हें दुःख दरबारी कवीच्या दुःखाहून निराळें असतें. त्यानंतर प्रभाकराचा सवाई माधवरावांच्या रंगाचा पोवाडा घ्यावा. त्यांत लढाई नाहीं, मरण नाहीं. पुण्याच्या रस्त्यांतून उधळलेला रंग तेवढा आहे. पण हा कोवळा पेशवा १७९५ सालीं वाड्यावरून पडून गेला हें ठाऊक असलें, म्हणजे तो रंग डोळ्यांत जातो.

अनंत फंदीचा खर्ड्याचा पोवाडा मी शाळेंत वर्गापुढें वाचीत असें, तेव्हां एक अडचण हटकून येई. १७९५ च्या मार्चांत खर्ड्यावर मराठ्यांनीं निजामास हरविलें, आणि आमचें जळकोट तर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत! मुलें विचारीत, "गुरुजी, मग आपण हरलों कीं जिंकलों?" ह्या प्रश्नाचें सरळ उत्तर मला कधीं देतां आलें नाहीं. आमच्या शेजारच्या उदगीरावर सदाशिवरावभाऊंनीं ३ फेब्रुवारी १७६० रोजीं निजामाला नमवून सुमारें ६० लाखांचा मुलूख मिळविला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या वेळीं भाऊंच्या बाजूस होत्या. पुढें अकरा महिन्यांनीं भाऊ आणि इब्राहिमखान दोघेहि पानिपतावर कामास आले. आमच्या भागांतील गोंधळ्यांकडून मीं पानिपत ऐकलें आहे. उदगीर कधींच ऐकलें नाहीं.

कांहीं वर्षांमागें गांवांत एका लग्नघरीं गोंधळ होता. मध्यरात्रीं जरा उसंत मिळाली, तेव्हां मीं छापील खर्डा काढला आणि म्हाताऱ्या गोंधळ्यास एकेक ओळ वाचून दाखविली. अक्षरओळख नसल्यानें तो नुसता ऐके, आणि मग संबळेवर बोट ठेवून ती ओळ बसवी. दोन चौक उत्तम बसले. तिसऱ्यास तो थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, हितं चाल फिरती. कशी फिरती ते माझ्या बापाला ठावं होतं." दिवटींत तेल घालून त्यानें देवीचें पद धरलें, आणि मीं पुस्तक मिटलें.