लांडग्याच्या कातडीतले उमराव : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

वेअरवुल्फ म्हटले की पौर्णिमेचा चंद्र, चांदीचे शस्त्र आणि रक्ताने माखलेली नखे डोळ्यांपुढे उभी राहतात. ही सामग्री लोकांच्या मनात पक्की बसवली ती मुख्यतः हॉलिवूडने, १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’पासून. या अभ्यासात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकाने ती तूर्त बाजूला ठेवावी आणि बाराव्या शतकात यावे. त्या काळच्या दरबारी कथांमध्ये लांडगा होतो तो सरदार किंवा राजपुत्र, आणि कथा सांगणारा त्याच्या बाजूने असतो.

सुरुवात मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या ‘बिस्क्लाव्हरे’ या कथाकाव्यापासून करावी. ते जेमतेम ३१८ ओळींचे आहे, एका बैठकीत वाचून होते. ब्रिटनी प्रांतातला एक देखणा, राजाच्या मर्जीतला सरदार आठवड्यातले तीन दिवस नाहीसा होतो. बायको खोदून खोदून विचारते तेव्हा तो कबूल करतो की, त्या दिवसांत तो लांडगा होऊन अरण्यात राहतो. जुन्या देवळाशेजारच्या एका पोकळ दगडात तो कपडे लपवतो. ते मिळाले नाहीत तर त्याला पुन्हा माणूस होता येणार नाही. बायको घाबरते. तिच्यावर जीव टाकणाऱ्या दुसऱ्या एका सरदाराकडून ती ते कपडे पळवते आणि त्याच्याशीच लग्न करते. वर्षभराने राजा शिकारीला निघतो. कुत्र्यांनी घेरलेला लांडगा राजाच्या रिकिबीशी येऊन त्याच्या पायाचे चुंबन घेतो. या प्राण्याला माणसासारखी समज आहे, असे म्हणून राजा त्याला दरबारात घेऊन येतो.

मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग शेवटी येतो असे वाटते. कपडे परत मिळतात, पण सगळ्यांच्या देखत लांडगा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला लाज वाटत असेल, असे एक जाणता माणूस राजाला सांगतो. मग त्याला राजाच्या शयनगृहात एकट्याला ठेवतात, आणि थोड्या वेळाने दार उघडतात तेव्हा राजाच्या पलंगावर तो सरदार झोपलेला दिसतो. कातडी लांडग्याची असतानाही त्याची लाज शाबूत आहे. मारीला माणूसपणाची खूण तिथे सापडते.

पण याच कथेत बायकोचे काय होते तेही वाचलेच पाहिजे. लांडगा तिचे नाक तोडतो, राजा तिचा छळ करून कबुलीजबाब घेतो, तिला देशोधडीला लावतो, आणि तिच्या वंशातल्या कित्येक मुली नाकाविना जन्मतात. नवरा श्वापद होतो हे कळल्यावर भेदरलेल्या बाईची भीती खोटी नव्हती. लांडग्याची अदब राजाला दिसते. तिची भीती कोणी ऐकून घेत नाही. हे सारे एका स्त्रीने लिहिले आहे, त्यामुळे इथे अभ्यासकांचे एकमत होत नाही. ते व्हावे असे मलाही वाटत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे महाभारतातला कल्माषपाद आठवेल. वाटेच्या हक्कावरून वसिष्ठपुत्र शक्तीला चाबूक मारणारा हा राजा शापाने नरभक्षक होतो आणि पहिला घास शक्तीचाच घेतो. पण त्याच्या अंगात राक्षस शिरलेला असतो. त्याचे मन त्याचे राहत नाही. लांडग्याच्या शरीरात मन मात्र माणसाचेच, ही युरोपीय दरबारी कथेची अट आहे. तिच्यामागे धर्मशास्त्राचा मोठा वाद उभा आहे. देवाने घडवलेले शरीर सैतानाला खरोखर बदलता येत नाही, तो केवळ भास निर्माण करतो, असे संत ऑगस्टीनने लिहून ठेवले होते. त्यामुळे ११८०च्या दशकात वेल्सच्या जेराल्डने आयर्लंडमधली एक हकिकत नोंदवली, तेव्हा पेच पडला. एक लांडगा प्रवासी धर्मगुरूशी बोलतो आणि मरणाला टेकलेल्या आपल्या जोडीदारणीसाठी अंतिम धर्मविधी मागतो. कातडी सोलून दाखवल्यावर आत म्हातारी बाई दिसते. तिला प्रसाद द्यावा की नाही?

इ. स. १२००च्या सुमाराच्या ‘गियोम द पालेर्म’मध्ये हाच धागा लांबलचक साहसकथेत विणला आहे. आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून सावत्र आई स्पेनचा राजपुत्र अल्फोन्स याला मलम लावून लांडगा बनवते. हाच लांडगा सिसिलीच्या बालवारसाला काकाच्या कटातून उचलून नेतो. पुढे तो वारस आणि त्याची प्रेयसी अस्वलांची कातडी पांघरून पळतात, तेव्हा त्यांना अन्न आणून देतो आणि पाठलाग करणाऱ्यांना चकवतो. शेवटी शाप उतरतो, आणि आपण उघडे आहोत या जाणिवेने अल्फोन्स शरमतो. तरुण राजपुत्र लांडगा होतो अशी कादंबरी आज कोणी लिहिली, तर तिची वंशावळ इथपर्यंत जाते.

सोळाव्या-सतराव्या शतकांत मात्र लांडगा कथेतून कोर्टात गेला आणि त्याचा दर्जा घसरला. १५८९मध्ये जर्मनीतल्या बेडबुर्ग इथे पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला वेअरवुल्फ ठरवून हालहाल करून मारले. १६०३मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने जाँ ग्रेनिए या गुराखी पोराला मंदबुद्धी ठरवून मठात डांबले. दरबारातल्या लांडग्याला राजाने ओळखले, कारण त्याला मुजरा करता येत होता. या पोराला ओळखणारे कोणी नव्हते. १६९१-९२मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियातला थीस हा म्हातारा शेतकरी न्यायाधीशांपुढे उभा राहिला, तेव्हा त्याने बाजूच उलटवली. आम्ही वेअरवुल्फ देवाचे कुत्रे आहोत, जादूगारांनी नरकात पळवलेले धान्य आम्ही परत आणतो, असे तो सांगत राहिला. त्याला फटके मारण्यात आले. इतिहासकार कार्लो गिन्झबुर्गने त्याच्याबद्दल लिहिले, तेव्हापासून त्याची जबानी या क्षेत्रातला सर्वांत वादग्रस्त दस्तऐवज ठरली आहे.

मराठी वाचक या परंपरेपासून वाटतो तितका दूर नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ला ज्या इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार आहे, त्यानेच १८४६-४७मध्ये ‘वॅग्नर, द वेअर-वुल्फ’ क्रमशः लिहिली. तिचा नायक म्हातारा शेतकरी आहे. तारुण्य आणि संपत्ती यांच्या मोबदल्यात तो महिन्यातून एकदा लांडगा व्हायचे कबूल करतो; उमरावपण त्याने विकत घेतलेले आहे.

पुढच्या लेखांमध्ये दरबारी कथा आणि खटल्यांची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. मारीचे काव्य वाचून झाल्यावर लगेच ग्रेनिएचा खटला घ्यावा, मधली शतके नंतर भरून काढता येतील.